कोपीला भिंत कुठली?



1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस उभा राहिला. पण कालव्याचं पाणी पाझरलं, काही जमिनी पाणथळ झाल्या. साचल्या पाण्यात डास वाढतात. हिवताप मात्र खराब हवेनं येतो, असंच तेव्हा मानत. 1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला.

1953 पासून सरकारनं घरोघरी डीडीटी फवारली. रक्त पिऊन डास भिंतीवर टेकतो आणि तिथंच मरतो. देशात तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, 1965 मध्ये तो लाखभरावर आला. मग फवारणी ढिली पडली, डासांना डीडीटी पचू लागली. 1976 मध्ये रुग्ण 64 लाखांवर गेले.

भिंतीबाहेर झोपणाऱ्याला मात्र या फवारणीचा उपयोग कधीच पुरता झाला नाही. गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपानं तोडणारी माणसं उघड्यावर झोपतात. आपल्याकडे ऊसतोडीच्या बाया लेकरांसह पाचटाच्या कोपीत. फवारायची कुठं? हिवतापाचा डास तर रात्रीच चावतो. औषध लावलेली मच्छरदाणी मात्र माणूस जाईल तिथं जाते.

यंदा टोळ्या आल्या की आम्ही गटातल्या बाया कोप्यांवर जाणार आहोत. मच्छरदाणी आहे का, विचारू. थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त तपासायला नेऊ. तुमच्या शिवारातल्या कोप्यांवर तुम्हीही जा.