संग्रहालयातील दगड आणि एक विद्यार्थी

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांच्या वस्तुसंग्रहालयाच्या आठवणी निघतात, त्या बहुधा ममीच्या नि देवमाशाच्या सांगाड्याच्या. तेथील दगडांपुढे आम्ही क्वचितच थांबलो. त्या दगडांपुढे थांबून घडलेल्या एका विद्यार्थ्याचे स्मरण म्हणूनच करावेसे वाटते.

दाराशा नौशेरवान वाडिया यांचा जन्म १८८३ मध्ये सुरतेस झाला. ते बडोदा कॉलेजात शिकत होते, तेव्हा भूशास्त्राच्या अध्यापनाची सोय देशात फार थोड्या ठिकाणी होती. प्राध्यापक अदरजी मसानी यांनी त्यांना सृष्टिविज्ञानाची गोडी लावली. खडकांची ओळख मात्र त्यांनी बव्हंशी संग्रहालयातील नमुन्यांवरून स्वतःच करून घेतली. १९०३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले, १९०६ मध्ये जीवशास्त्र व भूशास्त्र घेऊन एम.ए. झाले. पुढील वर्षी जम्मूच्या कॉलेजात ते अध्यापन करू लागले. विद्यार्थिदशेत ज्या पुस्तकाची उणीव त्यांना भासली असेल, तेच भारताच्या भूरचनेवरील पाठ्यपुस्तक १९१९ मध्ये त्यांनी स्वतः सिद्ध केले. १९५७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

नातवंडांना संग्रहालयात नेताना यापुढे आम्ही त्या दगडांपाशी घटकाभर थांबू. एवढे ऋण तरी आमच्याकडे लागतेच.