बालसंगोपन व पूर्वप्राथमिक शिक्षणाचा दर्जा, कॅनडातील

पाळणाघरे, बालवाड्या आणि घरगुती संगोपन-सेवा यांतून शाळेआधीच्या वयाच्या मुलांना जे मिळते त्याची प्रत, आणि ती सुधारण्यासाठी कॅनडात झालेले कायदे, मूल्यमापन व शिक्षिकांची घडण. हा विषय तिथे प्रांतांच्या अखत्यारीत येतो. संघराज्य सरकार निधी देते व त्याला अटी जोडते. एका शिक्षिकेमागे किती मुले आणि तिचे शिक्षण किती, हे दहा प्रांत व तीन प्रदेश आपापले ठरवतात. त्यामुळे ओंटारिओत दीड वर्षाखालील १० बाळांमागे ३ कर्मचारी लागतात, तर शेजारच्या क्वेबेकमध्ये ५ बाळांमागे १ पुरतो.

पहिली सार्वजनिक पाळणाघरे युद्धामुळे उघडली. १९४२ मध्ये संघराज्य सरकार व प्रांत यांच्यात निम्म्या-निम्म्या खर्चाचा करार झाला आणि कारखान्यांत जाणाऱ्या आयांच्या मुलांची सोय मुख्यतः ओंटारिओ व क्वेबेकमध्ये झाली. टोरांटो विद्यापीठात १९२५ पासून बालअभ्यासाची संस्था चालवणारे मानसशास्त्रज्ञ विल्यम ब्लाट्झ आणि त्यांच्या सहकारी डॉरोथी मिलिचॅम्प यांच्यामुळे ओंटारिओतील या केंद्रांना सुरुवातीपासून बालविकासाची बैठक मिळाली. युद्ध संपताच संघराज्य सरकारने हात काढून घेतला. पाळणाघरे बंद पडू नयेत म्हणून टोरांटोतील आया रस्त्यावर उतरल्या, आणि १९४६ मध्ये ओंटारिओने परवाना व तपासणी सक्तीची करणारा कायदा केला. पुढे १९७० साली स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राजआयोगाने देशभरासाठी पाळणाघर कायदा सुचवला. तो यायला २०२४ उजाडले.

दर्जाचे दोन थर मानले जातात. मुलांची व शिक्षिकांची संख्या, जागा, स्वच्छता, प्रशिक्षण हा वरचा थर कागदावर तपासता येतो. शिक्षिका मुलाशी कशी बोलते, रडणाऱ्या बाळाकडे किती लवकर जाते, खेळात शिरून त्याचा विचार पुढे नेते का, हा आतला थर वर्गात तासन्‌तास बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी अमेरिकेत थेल्मा हार्म्स व रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये १ ते ७ गुणांची निरीक्षण-पट्टी प्रसिद्ध केली, आणि कॅनडातील बहुतेक संशोधन तिच्याच आधारे झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या सहा प्रांत व युकॉन प्रदेशाच्या मोठ्या पाहणीत बरीचशी केंद्रे सुरक्षित, प्रेमळ, पण मुलांच्या शिकण्याच्या दृष्टीने साधारण आढळली. चांगल्या केंद्रांचा संबंध शिक्षिकांचे वेतन व शिक्षण आणि संस्था ना-नफा असणे यांच्याशी दिसला. पुढच्या २५ वर्षांच्या धोरणाचे मर्म त्या निष्कर्षात होते, आणि धोरणकर्त्यांनी नेमके त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले.

याचा सर्वांत बोलका पुरावा क्वेबेक. ल्यूसियँ बुशार यांच्या सरकारात पोलिन मारवा मंत्री असताना सप्टेंबर १९९७ मध्ये तिथे दिवसाला ५ डॉलरची सेवा सुरू झाली, आधी चार वर्षांच्या मुलांसाठी आणि २००० पर्यंत सर्व लहानग्यांसाठी. पालकांचा निम्मा-अधिक सहभाग असलेल्या मंडळांनी चालवलेली ना-नफा ‘बालकेंद्रे’ हा योजनेचा कणा होता. आया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या. पण मागणी इतकी वाढली की घरगुती सेवा व नफ्यावर चालणारी पाळणाघरे झपाट्याने पसरली. क्रिस्टा जपेल, रिचर्ड ट्रँब्ले व सिल्वाना कोते यांनी २००५ मध्ये दाखवले की सुमारे चौथाई ठिकाणीच दर्जा ‘चांगला’ या पातळीला पोहोचतो, ना-नफा बालकेंद्रे नफ्यावर चालणाऱ्या केंद्रांपेक्षा सरस आहेत, आणि गरीब घरच्या मुलांच्या वाट्याला कमी दर्जाची सेवा येते. मायकेल बेकर, जोनाथन ग्रुबर व केविन मिलिगन या अर्थशास्त्रज्ञांच्या २००८ च्या अभ्यासात तर मुलांमधील आक्रमकता व अस्वस्थता वाढल्याचे आढळले. पाळणाघरांच्या विरोधकांनी तो निष्कर्ष हत्यारासारखा वापरला. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले तर दोष मूल घराबाहेर राहण्याचा वाटत नाही, घाईने उघडलेल्या साधारण वर्गांचा वाटतो. क्वेबेकने २०१७ मध्ये कायदा बदलून केंद्रांच्या शैक्षणिक दर्जाचे मूल्यमापन बंधनकारक केले. २०२४ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार अनुदान नसलेल्या खासगी केंद्रांत अनुत्तीर्णांचे प्रमाण ना-नफा बालकेंद्रांपेक्षा बरेच जास्त होते.

ओंटारिओत सुधारणेला मुलांच्या मृत्यूंनी भाग पाडले. २०१३-१४ मध्ये टोरांटो परिसरातील विनापरवाना घरगुती पाळणाघरांत सात महिन्यांत चार मुले दगावली. लोकपाल आंद्रे मारँ यांनी ऑक्टोबर २०१४ च्या अहवालात शासनाच्या तपासणीवर कठोर ठपका ठेवला, आणि १९४६ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा येऊन ऑगस्ट २०१५ मध्ये लागू झाला. आज परवानाधारक केंद्रात गंभीर घटना २४ तासांत कळवावी लागते, तपासणीचे निष्कर्ष पालकांना पाहता येतात, आणि हवामान परवानगी देत असेल तर पूर्ण दिवस राहणाऱ्या मुलांना रोज दोन तास बाहेर खेळायला न्यावे लागते. कॅनडाच्या हिवाळ्यात वीस मुलांना बूट-हातमोजे घालून बाहेर काढण्याचे कष्ट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या नियमाचे मोल कळेल. टोरांटो शहर याहून पुढे गेले आहे: ज्यांच्याशी करार आहे त्या केंद्रांना शहराचे निरीक्षक १ ते ५ गुण देतात आणि ते जाहीर होतात. टोरांटोलगतच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागात नव्याने राहायला आलेल्या मराठी जोडप्यांनी शेजारपाजारच्या शिफारशीआधी परवाना आणि तपासणीचा निकाल पाहावा.

आल्बर्टाने २००४ मध्ये ऐच्छिक मानांकन सुरू करून त्याला वाढीव वेतनाची जोड दिली होती. २०२० मध्ये ते बंद केले.

दर्जा कोणाच्या नजरेने ठरवायचा, हा प्रश्न कॅनडात मूळनिवासी समाजांनी उभा केला. निवासी शाळांनी त्यांची मुले पिढ्यान्‌पिढ्या आई-बापांपासून व भाषेपासून तोडली होती, म्हणून बाहेरून आलेल्या मोजपट्टीवर त्यांचा विश्वास नसणे स्वाभाविकच आहे. १९८९ मध्ये सास्कॅचेवानमधील मेडो लेक आदिवासी परिषदेने व्हिक्टोरिया विद्यापीठाचे ॲलन पेन्स यांच्याकडे शिक्षिका-प्रशिक्षण मागितले. त्यातून जो अभ्यासक्रम घडला त्यात विद्यापीठाचे बालविकासशास्त्र आणि समाजातील वृद्धांचे ज्ञान एकाच वर्गात, बरोबरीने शिकवले गेले. पेन्स पुढे ‘दर्जा’ या कल्पनेचीच चिकित्सा करणाऱ्या १९९९ च्या प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक झाले. मराठी वाचकाला इथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ आठवतील: बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी त्यांनी माँटेसोरी साधनांच्या जागी बिया, पाने, शंख-शिंपले आणले, ते याच जाणिवेने. २०१५ मध्ये निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व समेट आयोगाने मूळनिवासी मुलांसाठी त्यांच्या संस्कृतीला धरून बालशिक्षणाची मागणी केली आणि २०१८ मध्ये स्वतंत्र चौकट मान्य झाली.

देशव्यापी बदल २०२१ च्या अर्थसंकल्पाने आणला. अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी पाच वर्षांसाठी सुमारे ३० अब्ज डॉलर आणि मार्च २०२६ पर्यंत सरासरी १० डॉलर रोजची सेवा जाहीर केली. मार्च २०२२ मध्ये ओंटारिओने सर्वांत शेवटी सही केली. १९ मार्च २०२४ रोजी झालेल्या कायद्यात उपलब्धता, परवड आणि समावेशकता यांच्याबरोबर उच्च दर्जाही तत्त्व म्हणून लिहिला गेला. शुल्क खरोखरच झपाट्याने उतरले, कुटुंबांना मोठा दिलासा मिळाला, आणि प्रतीक्षायाद्या लांबल्या.

कारण शिक्षिका कमी पडतात. बालशिक्षिकांसाठी स्वनियामक व्यावसायिक संस्था स्थापणारा ओंटारिओ हा पहिला प्रांत. २००७ च्या कायद्याने नोंदणी व आचारसंहिता आली, आणि नोंदणीसाठी साधारणतः दोन वर्षांची पदविका लागते. तरीही ओंटारिओच्या पूर्णदिवस बालवर्गात एकाच खोलीत, त्याच मुलांबरोबर काम करणाऱ्या शालेय शिक्षकापेक्षा बालशिक्षिकेला बरेच कमी वेतन मिळते. केंद्रांतील पात्र शिक्षिकांसाठी प्रांताने २०२४ मध्ये ताशी २३.८६ डॉलरची किमान पातळी ठरवली. घरभाडे पाहता टोरांटोत तेवढ्यावर निभावणे अवघड, म्हणून अनेकजणी काही वर्षांत क्षेत्र सोडतात. क्वेबेकच्या बालकेंद्रांत संघटित कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी व निवृत्तिवेतन आहे, तरीही टंचाईमुळे तिथे पात्र शिक्षिकांच्या प्रमाणाची अट काही काळ सैल करावी लागली. मानधनावर राबणाऱ्या आपल्या अंगणवाडी सेविकेची व्यथा श्रीमंत देशातही वेगळ्या रूपात दिसते. मुलाला ओळखणारी व्यक्ती दरवर्षी बदलत राहिली तर निरीक्षण-पट्टीवरचे गुण वाढत नाहीत, हे तिथल्या संशोधनातून वारंवार पुढे आले आहे. वेतनश्रेणी ठरवण्याची मागणी त्यामुळेच आता दर्जाच्या धोरणाचा पहिला मुद्दा बनली आहे.