हळदीचा दावा

बोट कापले की हळद दाबून धरायची, घसा बसला की हळद घातलेले गरम दूध प्यायचे, हे कोकणातल्या आपल्या घरांतून कोणी वेगळे शिकवले नाही. (मांसाचे जेवण झालेले असले तर मात्र दुधाला थांबावे लागे.) त्याच हळदीवर एकदा अमेरिकेत मालकी सांगितली गेली, ती हकीगत आपल्या समाजाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

28 मार्च 1995 रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल, पेटंट क्रमांक 5401504 मिळाले. पेटंटला गोष्ट नवीन असावी लागते. हळदीत नवीन ते काय? पण त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात एक मेख होती. एखादी गोष्ट परदेशात नुसती वापरात असून भागत नसे. ती कोठेतरी लिहून छापलेली असावी लागे. म्हणजे आपल्या आजीची साक्ष तेथे चालणार नव्हती.

भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, मूळचे गोव्यातील माशेलचे. परिषदेने 1996 साली पेटंटला आव्हान दिले आणि संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतील 32 संदर्भ शोधून काढले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 सालचा लेखही होता. 1997 साली पेटंटचे दावे फेटाळले गेले.

हळद नवीन नाही, एवढेच या निकालाने ठरले. ती रामबाण आहे असे ठरले नाही. हळदीतले कुरकुमिन अंगी फार थोडे लागते. येथे डब्लिनच्या दुकानांत त्याच्या कॅप्सूल मिळतात, पण त्यांतली मात्रा आमटीतल्या चिमटीपेक्षा कितीतरी जास्त असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

आपल्यासाठी खरा धडा निराळा आहे. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास 1897 साली लिहून पुरा केला. तो तेल अवीवमध्ये छापून निघाला 1937 साली. चाळीस वर्षे लागली, पण कागदावर होता म्हणून टिकला. आपल्या आयांचे काढे, लेप, बाळंतिणीचे पथ्य मात्र अजून तोंडीच आहे आणि नातवंडांना मराठी वाचता येत नाही. वाचकहो, आठवते तेवढे लिहून काढा. हात चालत नसेल तर नातवंडाला सांगून लिहवून घ्या.

डब्लिन, कॅलिफोर्निया