लंडनहून मद्रासपर्यंत रस्ता, पुढे जहाज

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये तंबू चेट्टी स्ट्रीट आणि लिंगी चेट्टी स्ट्रीट शेजारी शेजारी जातात. जहाज कंपन्यांचे एजंट, क्लिअरिंगवाले, विमावाले यांच्या कचेऱ्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझे वडील अशाच एका कचेरीत कारकून होते आणि पुढे मीही याच धंद्यात आले. लांबच्या सफरीसाठी फोर बाय फोर घ्यावी की राहता येईल अशी व्हॅन, असं हल्ली पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर विचारतात. त्यांच्या डोक्यात इंजिन, टायर, ग्राउंड क्लिअरन्स असतं. मी आधी गाडीची उंची विचारते. असं का, ते मद्रास बंदराच्या, म्हणजे आजच्या चेन्नई बंदराच्या, गोष्टीतून कळेल.

1955च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची काही पोरं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाली आणि 1956च्या मार्चमध्ये सिंगापूरला पोचली. कलकत्त्यानंतर आसामातल्या लेडोचा युद्धकालीन रस्ता धरून ती ब्रह्मदेशात उतरली होती. तिथे पूल वाहून गेलेले, रस्त्यावर जंगल चढलेलं. फोर व्हील ड्राइव्ह नसती, तर ती तिथून बाहेर पडली नसती. त्या गाड्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण हा रस्ता पुढच्यांना मिळाला नाही. 1962मध्ये ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतली आणि परक्या गाड्यांना ती वाट बंद झाली. तरी युरोपातून ऑस्ट्रेलियाकडे निघणारे थांबले नाहीत. इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली असं करत ते खाली दक्षिणेला येत आणि मद्रास बंदरात त्यांचा रस्ता संपे. इथून पेनांग आणि सिंगापूरला जहाज होतं. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘राजुला’ 1926 साली ग्लासगोत बांधलेली. तिचं मद्रासचं काम बिनी कंपनी बघायची. ती 1973मध्ये गेली आणि तिच्या जागी शिपिंग कॉर्पोरेशनची ‘चिदंबरम’ आली. मूळची ती ‘पास्तर’ नावाची फ्रेंच बोट. वरच्या डेकवर मलायात नातेवाईक असलेली तमिळ कुटुंबं, त्यांचे ट्रंक, लोणच्याच्या बरण्या. आणि खाली होल्डमध्ये, मालाच्या गठ्ठ्यांशेजारी, लंडन किंवा म्युनिकच्या पाटीची एखादी धुळीने माखलेली गाडी.

ती गाडी तिथवर पोचवण्याचं काम वडिलांकडे असे. परदेशी गाडीबरोबर कार्ने नावाचं पुस्तक येतं. देशात शिरताना कस्टम्स त्यावर शिक्का मारून एक पावती फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरी. गाडी बाहेर गेल्याचा शिक्का नसेल, तर तिची सगळी जकात मालकाच्या बोकांडी बसते. म्हणून चासी नंबर जुळवायचा. वडील कापसाच्या बोळ्याला रॉकेल लावून नंबराची जागा पुसत, त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासत आणि उमटलेले आकडे अर्जाला चिकटवत. लँड रोव्हरवर महिन्यांचा चिखल वाळलेला असे, तो आधी पत्र्याने खरवडावा लागे. मग पेट्रोल काढायचं, बॅटरीच्या तारा सोडायच्या, चाकांखाली जाळी घालायची आणि क्रेन गाडी उचलायची. मालक खाली उभे राहून वर बघत. कित्येकांचं घर, अंथरूण, स्वयंपाकघर त्या जाळीत लटकत असे.

धक्क्यावर येणाऱ्यांत लँड रोव्हरइतक्याच, किंबहुना जास्तच, फोक्सवॅगनच्या व्हॅन असत, असं वडील सांगत. मागच्या दोनच चाकांवर चालणारी, मागे इंजिन, रेडिएटरच नाही म्हणून पाणी उकळायचा प्रश्न नाही. आत झोपायला जागा. काबूलपासून मद्रासपर्यंत बहुतेक डांबरी रस्ता, तेव्हा चारही चाकांना ताकद देणारी गाडी रोज लागत नव्हती. जहाजाचं भाडं मात्र वजनाबरोबर आकारमानावर लागे, म्हणून ठेंगणी गाडी स्वस्तात जाई.

बिघडली की खरी परीक्षा. फोक्सवॅगनचा कारखाना तेव्हा भारतात नव्हता. एखादा सुटा भाग जर्मनीहून येईपर्यंत माणसं एग्मोरच्या लॉजमध्ये दिवस काढत. जीपचं तसं नव्हतं. महिंद्रांनी मुंबईच्या माझगावात 1949 साली विलिस जीप जोडायला सुरुवात केली होती, त्यामुळे जनरल पॅटर्स रोडवर जीपचं सामान मिळे आणि जुनं हवं असेल तर पुदुपेट्टई होतंच. पुदुपेट्टईच्या गल्ल्यांत आजही गाड्यांचे एक्सेल, गिअरबॉक्स, दरवाजे रचून ठेवलेले असतात. मोडलेली गाडी कोण, कुठे, किती दिवसांत उभी करील, हा प्रश्न मला इंजिनाच्या ताकदीपेक्षा फार मोठा वाटतो.

1979मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पश्चिमेची वाट आटली. 1985च्या फेब्रुवारीत ‘चिदंबरम’ला भर समुद्रात आग लागली, माणसं गेली आणि ती प्रवासी सेवाच संपली. त्याआधीच, 1983 साली, याच बंदरात देशातलं पहिलं कंटेनर टर्मिनल सुरू झालं होतं. तेव्हापासून गाडी जाळीत लटकत नाही, लोखंडी खोक्यात शिरते. साध्या कंटेनरचं दार सुमारे 2.28 मीटर उंच, हाय क्यूब म्हणजे उंच कंटेनरचं 2.58. फोर्सची गुरखा साधारण 2.1 मीटर, ती जाते, पण वरचा कॅरिअर काढावा लागतो आणि टायरमधली हवा कमी करावी लागते. थार त्याहून ठेंगणी, सहज जाते. उंच छपराची ट्रॅव्हलर साध्या कंटेनरच्या दारात अडते. हाय क्यूबमध्येही मावली नाही, तर उघड्या सांगाड्यावर, फ्लॅट रॅकवर न्यायची, आणि त्याचं भाडं ऐकून लोक गप्प होतात.

मध्यंतरी मणिपूरच्या मोरेहून तामूमार्गे म्यानमार ओलांडता येऊ लागलं, 2018मध्ये तसा करारही झाला. पण 2020मध्ये कोविडने सरहद्द बंद केली आणि 2021च्या फेब्रुवारीत पुन्हा लष्करी उठाव झाला. गाडीवाले परत तंबू चेट्टी स्ट्रीटच्या जिन्यात.

माझ्या भाच्याने आता गाडीचं मनावर घेतलंय. ‘‘मावशी, ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, ओटा बसवतो,’’ म्हणाला. मी विचारलं, देशाबाहेर नेणार आहेस का? नाही म्हणाला, कोकण, हंपी, स्पिती, जमल्यास अरुणाचल. मग ट्रॅव्हलरच घे म्हटलं. तिचा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. स्पितीत बर्फ पडायच्या आत जाऊन यायचं, एवढं पाळ. फक्त आतलं काम सुरू करायच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या गाडीत मनाला येईल तसा फेरफार चालत नाही, आणि मंजुरीचा कागद नसेल तर अपघातानंतर विमावाला पहिलं बोट तिथेच ठेवतो. त्याने कोटेशनं मागवली आहेत. मी त्याला छपरावरचं सोलर पॅनेल धरून उंची लिहून पाठवायला सांगितली आहे.