सातारा की पलूस? विट्यातून पाहिलेला निवड-परीक्षेच्या शाळांचा इतिहास

१/ पाचवीतले मूल असलेल्या विटा परिसरातील घरांत दरवर्षी एक प्रश्न निघतो : साताऱ्याची सैनिक शाळा की पलूसचे नवोदय? चर्चा बहुधा निकालांची होते. या शाळा कोणी, केव्हा आणि कोणासाठी काढल्या, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी भूगोल. विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. १९४९ पर्यंत हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ही सीमारेषा लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटेल.

३/ जुन्या सातारा जिल्ह्यात खेड्यातील मुलाला हायस्कूल गाठायचे तर राहण्याजेवणाचीच अडचण असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. प्रवेशाचा निकष गुणांपेक्षा गरजेचा होता.

४/ स्वातंत्र्यानंतर वेगळी गरज पुढे आली. सैन्यातील अधिकारीवर्ग काही ठरावीक प्रांतांतून आणि सुखवस्तू घरांतून येत असे. हा असमतोल दूर करण्यासाठी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात सैनिक शाळांची योजना आली. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली.

५/ तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे त्या काळी खानापूर तालुक्यातच होते. आज ते कडेगाव तालुक्यात आहे. १९६२ च्या अखेरीस ते स्वतःच देशाचे संरक्षणमंत्री झाले.

६/ याच दशकात मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना राज्याने शासकीय विद्यानिकेतने उभारली. त्यांपैकी एक सातारा जिल्ह्यात, पुसेगावला. ग्रामीण भागातील हुशार मुले परीक्षेतून निवडायची आणि शासनाच्या खर्चाने त्यांना निवासी शिक्षण द्यायचे, असा त्यामागचा विचार. एका अर्थाने नवोदयची कल्पना महाराष्ट्राने वीस वर्षे आधीच अमलात आणली होती.

७/ केंद्राची नवोदय योजना आली ती राजीव गांधींच्या काळात. पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये झज्जर आणि अमरावती येथे उघडली. पुढे प्रत्येक जिल्ह्याला एक असे धोरण ठरले. सांगलीचे विद्यालय पलूसला आहे, साताऱ्याचे खावलीला.

८/ आता ती सीमारेषा. नवोदयसाठी मुलाने त्याच जिल्ह्यात राहून तेथेच पाचवीत शिकत असणे आवश्यक असते. म्हणून विट्याच्या मुलाला पलूसच. खावलीचा दरवाजा त्याला बंद. सैनिक शाळेला जिल्ह्याची अट नाही, पण तेथे स्पर्धा साऱ्या महाराष्ट्राशी.

९/ या अटीचा फटका आपल्या भागाला विशेष बसतो. खानापूर-आटपाडीची असंख्य कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरलेली आहेत. परप्रांतात पाचवी शिकणारे मूल, घर विट्यात असले तरी, पलूसची परीक्षा देऊ शकत नाही.

१०/ दुसरी मेख ग्रामीण आरक्षणाची. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात. ‘चांगली शाळा’ म्हणून खेड्यातले मूल विटा शहरात घातले, की तो हक्क जातो. गावची जिल्हा परिषदेची शाळा न सोडणारा पालक येथे लाभात राहतो.

११/ आणि मुली? नवोदयने एक तृतीयांश जागा त्यांच्यासाठी ठेवल्या. साताऱ्याच्या सैनिक शाळेत मुलींना प्रवेश मिळू लागला तो २०२१ पासून. म्हणजे साठ वर्षे विट्यातील मुलीपुढे ‘सातारा की पलूस’ हा प्रश्न नव्हताच.

१२/ तेव्हा ‘कोणती शाळा श्रेष्ठ?’ यापेक्षा ‘ही शाळा कोणाला डोळ्यांसमोर ठेवून काढली, आणि आपले मूल त्यात बसते का?’ हे विचारावे. एकीला अधिकारी घडवायचे होते, दुसरीला खेड्यातील बुद्धी वाया जाऊ द्यायची नव्हती. सैन्याची ओढ नसलेल्या मुलाला केवळ नावासाठी साताऱ्याला धाडणे त्याच्यावर अन्याय होईल.

१३/ शेवटी एक आठवण ठेवू. नवोदयच्या सहावीत साधारण ८० जागा असतात, सबंध जिल्ह्यासाठी. उरलेली मुले ज्या साध्या हायस्कुलांत जातात, ती गावोगावी उभी राहिली याचे मोठे श्रेय रयतसारख्या संस्थांचे आहे. दहाव्या वर्षीच्या एका परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला तो इतिहास जरूर सांगा.

आपल्या घरातून कोणी पुसेगाव, सातारा वा पलूसला शिकले असल्यास खाली अवश्य लिहा. (समाप्त)