यंत्राशी बोलणारी माणसं

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमची आत्या रेडिओला उत्तर द्यायची. सकाळी निवेदिकेनं 'नमस्कार' म्हटलं, की ओट्याशी उभी असलेली आत्या हातातलं काम न थांबवता 'नमस्कार हो' म्हणायची. आम्ही मुलं हसायचो. रेडिओला ऐकू येत नाही, हे तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. पण कुणी नमस्कार केला आणि आपण गप्प राहिलो, हे तिला जमत नसे.

ही सवय मला पुढे आठवली ती एका संशोधनाविषयी वाचताना. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बायरन रीव्हज आणि क्लिफर्ड नॅस हे दोन प्राध्यापक होते. त्यांनी लोकांना एका संगणकावर काम करायला दिलं आणि मग विचारलं, हा संगणक तुम्हाला कसा वाटला? प्रश्न त्याच संगणकाच्या पडद्यावर विचारला, तर उत्तरं जास्त गोड यायची. दुसऱ्या संगणकावर विचारला, तर लोक मोकळेपणानं बोलायचे. तोंडावर नावं कशी ठेवायची, हा संकोच! 'तुम्ही यंत्राची भीड ठेवता का?' असं विचारलं, तर मात्र मंडळी साफ नाही म्हणायची. १९९६ साली या दोघांनी असे अनेक प्रयोग पुस्तकरूपानं मांडले. म्हणजे आमची आत्या काही जगावेगळी नव्हती.

बोलणारं, मान वळवणारं, डोळे मिचकावणारं यंत्र समोर आलं तर माणूस कसा वागतो, याचा अभ्यास करणारे संशोधक आज जगभर आहेत. त्यांत अभियंते आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, समाजशास्त्रज्ञही आहेत. १९९२ साली टोकियोत या विषयावरच्या एका परिषदमालिकेला सुरुवात झाली. २००६ पासून अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत सुरू झालेली आणखी एक मोठी परिषद दरवर्षी भरते. मला आज या मंडळींची गोष्ट सांगायची आहे. कारण निघाले ते यंत्र घडवायला आणि अभ्यास करत बसले माणसाचा.

'रोबो' हा शब्द आला चेक भाषेतून. कारेल चापेक या नाटककारानं १९२० साली एक नाटक लिहिलं, त्यात तो पहिल्यांदा वापरला. शब्द सुचवला होता त्याच्या भावानं, जोसेफनं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठ. पुढे १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला, तोही असाच वेठबिगार. तापलेले धातूचे भाग उचलायचे आणि रचायचे. त्याच्याशी बोलायची कुणाला गरज नव्हती. उलट त्याच्यापासून चार हात लांब राहणंच शहाणपणाचं होतं.

माणूस यंत्राशी जिव्हाळ्यानं बोलू लागेल, हे प्रथम ध्यानात आलं ते एका साध्या संगणकीय आज्ञावलीमुळे. जोसेफ वायझेनबाउम हे बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू. हिटलरच्या राजवटीतून सुटून १९३६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले. पुढे एमआयटी या संस्थेत प्राध्यापक झाले. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाची आज्ञावली जाहीर केली. हे नाव आपल्याला परकं नाही. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलं विकणारी मुलगी ती एलायझा, म्हणजे पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेली 'फुलराणी'च. तिला जसं वरवरचं बोलणं शिकवलं, तसंच या आज्ञावलीलाही.

एलायझा मानसोपचारतज्ज्ञाचं सोंग घ्यायची. तुम्ही टंकलिहिलं, की 'मला आईची आठवण येते', तर ती विचारायची, 'तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा.' तिला आई कळत नव्हती, की आठवण. काही ठरावीक शब्द पकडायचे आणि वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढंच तिचं कसब. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं हे काम महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर होताना पाहिलं होतं. आत काही नाही, हे तिला माहीत होतं. तरीही एलायझाशी थोडा वेळ बोलल्यावर तिनं साहेबांना सांगितलं, 'जरा खोलीबाहेर जाता का?'

वायझेनबाउम या प्रसंगानं हादरले. त्यातच काही मानसोपचारतज्ज्ञ म्हणू लागले, की असं यंत्र खरोखरच रुग्णांसाठी वापरता येईल. मग १९७६ साली त्यांनी एक पुस्तक लिहिलं. त्यातला त्यांचा मुद्दा असा, की काही कामं यंत्राला करता आली तरी ती त्याला देऊ नयेत. न्याय देणं हे एक आणि दुखावलेल्या माणसाचं मन जाणून घेणं हे दुसरं. जे यंत्र कधी हरवलं नाही, पळालं नाही, कुणाला मुकलं नाही, ते हे दुःख काय समजणार? अनेक सहकाऱ्यांना हे म्हातारपणीच्या कीर्तनासारखं वाटलं. त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं.

त्याच १९७६ साली एमआयटीत एक तरुण प्राध्यापिका रुजू झाली, शेरी टर्कल. वायझेनबाउम यांच्याबरोबर तिनं शिकवलंही. पण सुरुवातीला ती त्यांच्याइतकी धास्तावलेली नव्हती. संगणकापुढे बसून माणूस स्वतःकडे नव्यानं पाहतो, असं तिचं १९८४ सालच्या पुस्तकातलं म्हणणं होतं. तिचं मत पुढे कसं पालटलं, ते पाहण्यासारखं आहे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीतच सिंथिया ब्रिझील या संशोधिकेनं 'किस्मत' घडवला. नाव आपलं ओळखीचंच, फक्त तुर्की वाटेनं गेलेलं. किस्मत म्हणजे टेबलावर बसवलेलं नुसतं डोकं. मोठे निळे डोळे, हलणाऱ्या भुवया, गुलाबी कान, लाल ओठ. त्याला एकही शब्द कळत नव्हता. कळायचा तो फक्त सूर. जगातल्या आया तान्ह्या बाळांशी बोलताना कौतुकाला, रागावण्याला, लक्ष वेधायला आणि समजूत काढायला साधारण सारखेच सूर वापरतात, असं ॲन फर्नाल्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं होतं. आपल्याकडचं 'कोण आलंय गं बाई!' आणि 'अंहं, हात नाही लावायचा!' आठवून पाहा. शब्द काढून टाकले तरी अर्थ उरतो. ब्रिझील यांनी नेमकं हेच किस्मतला शिकवलं. रागावलं की तो मान खाली घालायचा. मग रागावणाऱ्या बायकाच ओशाळायच्या आणि त्याची समजूत काढू लागायच्या. प्रयोगासाठी रागवायला सांगितलं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असताना!

२००१ च्या उन्हाळ्यात टर्कल, ब्रिझील आणि ब्रायन स्कॅसेलाटी यांनी साठ मुलांची किस्मतशी आणि त्याच्या 'कॉग' नावाच्या भावंडाशी भेट घडवली. यंत्रच ते, कधी बिघडायचं, कधी दाद द्यायचं नाही. संशोधकांनी मुलांना सांगितलं, आतल्या तारा दाखवल्या, पडद्यावर काय चालतं तेही दाखवलं. पण काही मुलांच्या मनातून एक गोष्ट गेली नाही. त्यांना वाटलं, मीच त्याला आवडलो नाही. यंत्र बिघडलं होतं आणि खट्टू झालं होतं मूल. टर्कल बाईंच्या विचारांना जी कलाटणी मिळाली, ती अशा अनुभवांतून. स्वतः ब्रिझीलही यातून सुटल्या नाहीत. शिक्षण संपवून त्या दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या आणि किस्मत मागे राहिला, तेव्हा मूल मागे सोडून आल्यासारखी हुरहूर त्यांना लागली, असं टर्कल यांनी लिहून ठेवलं आहे.

तिकडे जपानमध्ये ताकानोरी शिबाता हे अभियंते १९९३ पासून वेगळ्याच कामात होते. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात खरं कुत्रं-मांजर ठेवता येत नाही, तर यंत्राचं ठेवता येईल का? आधी त्यांनी कुत्र्यामांजरांवरच प्रयत्न केले. पण लोक लगेच खऱ्याशी ताडून पाहायचे आणि नाराज व्हायचे. मग त्यांनी सीलचं पिल्लू निवडलं. सील कुणी मांडीवर घेतलेलं नसतं, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही! हा 'पारो' पांढऱ्याशुभ्र केसांचा, जवळपास पावणेतीन किलोंचा, म्हणजे तान्ह्या बाळाच्याच वजनाचा. कुरवाळलं की डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवतो. २००५ साली तो जपानमध्ये विक्रीला आला आणि २००९ साली अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली.

स्मृतिभ्रंश झालेली, कुणाशी न बोलणारी माणसं पारोला मांडीवर घेऊन बोलू लागली. हे खोटं नाही. पण ही किमया कुणाची? ऑस्ट्रेलियात वेंडी मॉइल यांच्या गटानं याचा पद्धतशीर शोध घेतला. २८ वृद्धाश्रमांतल्या ४१५ जणांचे तीन गट केले. एकाला पारो दिला, दुसऱ्याला पारोच दिला पण आतली यंत्रणा बंद करून, आणि तिसऱ्याची नेहमीसारखीच देखभाल केली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोनं मनःस्थिती सुधारली, अस्वस्थता कमी झाली. पण बंद पारोशी, म्हणजे नुसत्या मऊ खेळण्याशी तुलना केली, तेव्हा चालू पारो सरस ठरला तो फक्त माणसाला गुंतवून ठेवण्यात. लोक त्याच्याकडे जास्त पाहत, त्याच्याशी जास्त बोलत. बाकी फरक फारसा उरला नाही.

भातुकली खेळलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये. बाहुलीला ताप येतो, तो आपण आणतो म्हणून. यंत्रानं निम्मी वाट चालली, की उरलेली निम्मी माणूस चालतो आणि कधी कधी सगळीच चालतो.

मग यात वाईट काय? टर्कल यांनी २०१२ सालच्या एका भाषणात एक प्रसंग सांगितला. मूल गमावलेली एक म्हातारी बाई वृद्धाश्रमात पारोशी बोलत होती. पारो तिच्याकडे पाहत होता, जणू सारं ऐकत होता. तिला बरं वाटलं. भोवतीच्या अनेकांना हे अद्भुत वाटलं. टर्कल बाईंना मात्र तिथे उभं राहवेना. ज्याला जन्म नाही, मरण नाही, त्याच्यापुढे ती बाई आपल्या आयुष्याचा अर्थ लावू पाहत होती आणि आपण सगळे बाजूला उभे होतो, असं त्यांचं म्हणणं. पस्तीस-छत्तीस वर्षांनी त्या वायझेनबाउम यांच्या पंगतीला येऊन बसल्या होत्या.

पण एकच बाजू सांगून थांबणं बरं नव्हे. ते स्कॅसेलाटी पुढे येल विद्यापीठात गेले. त्यांच्या गटानं स्वमग्न मुलं असलेल्या बारा घरांत महिनाभर एक यंत्रमानव ठेवला. तो रोज अर्धा तास मुलाशी खेळायचा, पण शेजारी घरातलं मोठं माणूसही बसलेलं असायचं. खेळातच मुलाला त्या माणसाकडे पाहायला, त्याच्याबरोबर लक्ष द्यायला शिकवलं जायचं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असं दिसलं, की यंत्र समोर नसतानाही मुलं मोठ्यांकडे आधीपेक्षा जास्त लक्ष देऊ लागली. इथे यंत्र मधला पूल होतं. पलीकडे माणूस बसलेला होता.

आणि माणूस नसला, तरी माया खोटी ठरत नाही. सोनी कंपनीनं १९९९ साली 'आयबो' हा यंत्रकुत्रा काढला. अडीच लाख येन किंमत असूनही जपानमध्ये तीन हजार नग वीस मिनिटांत संपले. २००६ साली उत्पादन थांबलं, २०१४ साली दुरुस्तीही बंद झाली. मग जुन्या कारागिरांनी बिघडलेल्या कुत्र्यांचे भाग काढून दुसऱ्यांना बसवायला सुरुवात केली. पण भाग काढण्याआधी? २०१५ पासून चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात या आयबोंसाठी रीतसर प्रार्थना होऊ लागल्या. रांगेत मांडलेले कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या घराण्याचं नाव. दसऱ्याला हत्यारांना आणि वाहनांना फूल वाहणाऱ्या आपल्या लोकांनी याला हसू नये.

साठ वर्षांच्या या संशोधनातून माणसाविषयी एक गोष्ट पक्की कळली. त्याला बोलण्यासाठी फार थोडं पुरतं. एक सूर, एक वळलेली मान, वाक्याच्या शेवटी एक प्रश्न. आता तर बोलणारी यंत्रं एलायझासारखी भोळी राहिलेली नाहीत, वाटेल त्या विषयावर मराठीतही गप्पा मारतात. म्हणून वायझेनबाउम यांचा जुना प्रश्न आता प्रयोगशाळेत राहिलेला नाही, घरी आला आहे.

अखेरच्या वर्षांत आत्या एकटीच राहत होती. दिवसभर रेडिओ सुरू असे. आम्ही भाचरं लांब लांब पांगलेली. कुणी विचारलं, की आम्ही म्हणत असू, 'तिला रेडिओची सोबत आहे ना.' त्या रेडिओनं आत्याला किती सोबत दिली, ते तिचं तिला ठाऊक. आम्हाला मात्र त्यानं फार निर्धास्त केलं होतं. मांडीवर सीलचं पिल्लू घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो पाहिला, की आता मला त्या माणसाआधी फोटोत नसलेले नातेवाईक दिसतात. पारोमुळे आजीला किती बरं वाटतं, हे संशोधकांनी मोजलं. घरच्यांना किती बरं वाटतं आणि मग त्यांच्या फेऱ्या किती कमी होतात, हे आपलं आपणच मोजायचं आहे.