बॉबी म्हण!

परवा आजोळी दिवाळ्याला गेले होते. मासळीबाजाराबाहेर एका पोराची चकचकीत बाइक बघून मामा म्हणाले, "आमच्या वेळी बॉबी होती!"

राज कपूरचा 'बॉबी' १९७३चा. त्यात ऋषी कपूर डिंपलला मागे बसवून पळून जातो, ती एस्कॉर्ट्सची राजदूत जीटीएस १७५. बुटकी, लहान चाकांची. लोकांनी तिचं नावच 'बॉबी' ठेवलं. त्यात सिनेमातली बॉबी मच्छीमाराची पोर, म्हणजे कोळीवाड्याला तर घरचाच सिनेमा. मामांना गाडी हवी होती की डिंपल, हे मामीसमोर विचारलं नाही :)

पडद्यावरची गाडी म्हणजे दुकानाची पाटीही असू शकते, हे तेव्हा मामांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे १९९९ला सुभाष घईंच्या 'ताल'मध्ये अक्षय खन्ना आणि ऐश्वर्याच्या प्रेमात कोकाकोलाची बाटली आली, तेव्हा आम्ही भावंडं शहाणी झालो होतो. लगेच ओळखलं, हसलो. आणि थिएटरातून बाहेर पडल्यावर कोकच प्यायलो!

मामांची बॉबी राहूनच गेली. साठवलेले पैसे होडीच्या इंजिनात गेले. पण अजूनही कुणी राजदूत म्हटलं, की ते चिडतात, "राजदूत काय? बॉबी म्हण!"